तीनचा राऊंड, सर्व ओके

बारामती एमआयडीसीतल्या कुठल्याही गेटवरचं रात्रपाळीचं रजिस्टर उघडून पाहा. मराठी गद्याचा इतका शांत, इतका समाधानी नमुना दुसरीकडे मिळायचा नाही. ‘12:00 राऊंड मारला, सर्व ओके. 1:00 राऊंड मारला, सर्व ओके.’ दोनला ओके, तीनला ओके, चारला ओके, पाचला तर अगदीच ओके. अक्षर एक, शाई एक, ओळींचा उतार एक. बॉलपेन सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेलं, म्हणजे निदान पेन चोरीला जाऊ नये याचा बंदोबस्त चोख. वळवाच्या वादळात शेडचा पत्रा उडून शेजारच्या प्लॉटमध्ये जाऊन पडतो, त्या रात्रीही तीन वाजता सर्व ओकेच असतं. कारण तीनचा ओके लिहिला गेला, तेव्हा खरोखरच सर्व ओके होतं. तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते.

बारामती आणि इंदापूर हे तालुके रात्रीचे पूर्ण झोपत नाहीत. बारामतीत रिक्षा बनते, चीज बनतं, परदेशी चॉकलेट बनतं, टेक्स्टाइल पार्कात कपडे शिवले जातात. पलीकडे भिगवणला कागदाची गिरणी, लोणी देवकरला इंदापूरची एमआयडीसी, वालचंदनगरला अवजड यंत्रांचा कारखाना. शिवाय साखर कारखाने : माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. त्यात बारामतीत गेल्या वीस वर्षांत उगवलेल्या सोसायट्या, बंगल्यांच्या कॉलन्या, शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं आणि गोदामं मिळवा. यातल्या बहुतेकांना एक गेट आहे, गेटाला एक केबिन आहे आणि केबिनीत एक माणूस आहे. त्या माणसाला सगळे ‘मामा’ म्हणतात. विशीतला पोरगा असला तरी अंगात निळा शर्ट आणि खांद्यावर दोरी आली की तो मामा होतो.

केबिन आतून पाहण्यासारखी असते. एका भिंतीला गणपतीचं किंवा विठोबाचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर, दुसरीला मोबाइलचा चार्जर. खिळ्याला मफलर, कानटोपी आणि टॉर्च. टॉर्चचे सेल सरकवले की ती लागते, फक्त कसे सरकवायचे ते दिवसपाळीवाल्यालाच माहीत असतं. कोपऱ्यात काठी, काठीला टेकून जेवणाचा डबा, खाली मच्छर अगरबत्तीच्या राखेचं वेटोळं. आणि मधोमध खुर्ची. ही खुर्ची म्हणजे एकात एक घातलेल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एकीचा मागचा पाय गेलेला, दुसरीची पाठ चिरलेली. दोघी मिळून एक धड खुर्ची होते. ऑफिसात नवीन खुर्च्या आल्या की जुन्या गेटवर येतात आणि गेटवरून कुठेच जात नाहीत. या खुर्चीत रेलून, पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर टाकून, टोपी नाकापर्यंत ओढली की जी अवस्था येते तिला झोप म्हणायचं नाही. म्हटलं तर मामांना राग येतो.

“मामा, झोपला होता काय?”

“न्हाय ओ. डोळं मिटलं हुतं. कान जागं हुतं.”

“मग मी दहा मिनिटं हॉर्न वाजवतोय, तो ऐकू नाही आला?”

“आला की. मला वाटलं, सायेब दुसऱ्या कुणाला तरी वाजवत्यात.”

सोसायटीतला हॉर्न हा स्वतंत्र विषय आहे. पुण्याहून रात्री दीडला परतलेला माणूस गेटसमोर गाडी उभी करून आधी एक छोटा, सभ्य हॉर्न देतो. मग लांब. मग हेडलाइटची उघडझाप. तोवर कुत्री उठलेली असतात. पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत येऊन ‘कोण मेलं?’ म्हणून विचारतात. दुसऱ्या मजल्यावर लहान मूल रडायला लागतं. तिसऱ्यावरचा सुशिक्षित माणूस खिडकीतून ओरडतो, ‘अहो, हॉर्न वाजवू नका, लोक झोपलेत!’ शेवटी कुणीतरी बनियनवर खाली उतरून गेट उघडतं. म्हणजे पगार एका पहारेकऱ्याचा आणि पहाऱ्यावर अख्खी विंग. चोराने अशा वेळी गेटातून आत यायचा विचार केला, तर तो किती लोकांच्या नजरेला पडेल! याला सुरक्षा म्हणायचं नाही तर कशाला?

काही मामा यावर तांत्रिक तोडगा काढतात. गेटाच्या कडीला सुतळी बांधायची आणि तिचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. गेट हललं की अंगठा हलतो, अंगठा हलला की माणूस उठतो. हजारो रुपयांच्या सेन्सरचं काम दोन रुपयांच्या सुतळीत. एकच अडचण : गाईने गेटाला अंग घासलं तरी मामा उठून सलाम ठोकतात.

आता या माणसाचा रात्रपाळी सुरू होण्याचा दिवस बघू. तो काटेवाडीचा असेल, सणसरचा, लासुर्ण्याचा किंवा अंथुर्ण्याचा. घरी दोन संकरित गाई. पहाटे पाचला उठून धार, सहाला दूध संकलन केंद्रावर कॅन. मग वैरण, शेणघाण, पोराला शाळेत सोडणं. शेतात थोडा ऊस असेल तर पाण्याची पाळी. पाण्याची पाळी म्हणजे विजेची पाळी आणि शेतीची थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची येते, त्या आठवड्यात मामांची कारभारीण बॅटरी घेऊन दंडावर उभी असते आणि मामा दुसऱ्याच्या भिंतीवर पहारा देत असतात. संध्याकाळी पुन्हा धार. मग मोटारसायकलला किक, आठला गेटवर सही. ड्युटी आठ ते आठ. दिवसपाळीवाला सकाळी दहापर्यंत आला नाही तर आठ ते दहा. आलाच नाही, तर आठ ते पुन्हा आठ. याला ‘डबल’ म्हणतात. रिलिव्हर आला नाही, हे वाक्य सिक्युरिटीच्या धंद्यात जितकं बोललं जातं तितकं ‘जय हिंद’सुद्धा बोललं जात नाही.

अशा माणसाला ‘मामा, तुम्ही झोपता कधी?’ असं विचारणं म्हणजे त्याला अडचणीत आणणं. प्रामाणिक उत्तर एकच आहे आणि ते दिलं तर नोकरी जाते.

1997 साली ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या दोघांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा शोधलेख छापला. माणूस सलग सतरा तास जागा राहिला, की त्याच्या हाताचा आणि डोक्याचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो, असं त्यांनी मोजून दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मुभा आहे 0.03 टक्क्यांची. आता पहाटे पाचपासून सतरा तास बोटांवर मोजा. रात्रीचे दहा वाजतात. म्हणजे सोसायटीतली मालिका बघणारी मंडळी अजून जागी असतात, रात्र अजून सुरूही झालेली नसते, आणि आपला पहारेकरी एक थेंबही न घेता मोटारसायकल चालवायला नालायक झालेला असतो. त्यात शरीराचं तापमान पहाटे चारच्या आसपास सगळ्यात खाली जातं आणि झोप सगळ्यात वर येते. त्या वेळी विठोबा जरी गेटवर उभा केला, तरी तो विटेवर बसून घेईल.

एजन्सीला हे माहीत नाही असं नाही. म्हणून तर फील्ड ऑफिसर असतो. हा मोटारसायकलवरून रात्री दोन ते चारच्या दरम्यान ‘नाईट चेकिंग’ला निघतो. झोपलेला गार्ड सापडला की आधी त्याचा फोटो, मग ग्रुपवर फोटो, मग पगारातून फाईन. फोटोत गार्डचं तोंड उघडं असेल तर फाईन तेवढाच, पण ग्रुपवर हसू जास्त. यावर गार्ड मंडळींनी जी यंत्रणा उभी केली आहे, तिचं कौतुक करायला हवं. फील्ड ऑफिसर पहिल्या पॉइंटवरून निघाला की पहिला दुसऱ्याला फोन करतो : “निघालंय. भिगवण रोडनं तुझ्याकडं.” दुसरा उठतो, तोंडावर पाणी मारतो, बेल्ट आवळतो, काठी घेऊन गेटावर उभा राहतो. चेकिंग झालं की तो तिसऱ्याला फोन करतो. अशा रीतीने कटफळपासून रुईपर्यंत एकेक गार्ड आळीपाळीने जागा होतो आणि साहेबाची पाठ वळली की आळीपाळीने झोपतो. ऑफिसरला रात्रभर एकही माणूस झोपलेला सापडत नाही. सकाळी तो ‘सर्व पॉइंट अलर्ट’ असा रिपोर्ट देतो आणि घरी जाऊन झोपतो. हे इतकं सुरळीत चालतं की रात्रभर खरा जागा राहणारा माणूस एकच : तो बिचारा फील्ड ऑफिसर.

अलीकडे तासातासाला सेल्फी मागवायची पद्धत निघाली आहे. फोटोवर वेळ, तारीख, अक्षांश-रेखांश उमटलेले. मामांनी तासातासाचे गजर लावले. गजर वाजतो, सेल्फी जाते, डोळे मिटतात. या सेल्फींचं कुणीतरी प्रदर्शन भरवायला हवं. दहाची सेल्फी वधूपक्षाला पाठवण्याजोगी असते. एकची सेल्फी आधार कार्डावरच्या फोटोच्या पातळीवर येते. चारच्या सेल्फीत नुसतं कपाळ आणि पंखा असतो.

सरकारनेही या माणसाचा बारकाईने विचार केला आहे. खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा 2005 चा, त्याचे केंद्राचे पहिले नमुना नियम 2006 चे. त्यात पुरुष गार्डची उंची किमान 160 सेंटिमीटर सांगितली होती, छाती 80 सेंटिमीटर आणि फुगवून आणखी चार. एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता आला पाहिजे. रंगांधळेपणा नको, तळपाय सपाट नकोत. प्रशिक्षण 160 तासांचं : शंभर तास वर्गात, साठ तास मैदानात. गणवेश नीट कसा घालावा, आग कशी विझवावी, गर्दी कशी आवरावी, प्रथमोपचार, बॉम्ब कसा ओळखावा, एफआयआर कसा द्यावा, पोलिसांच्या आणि लष्कराच्या खांद्यांवरच्या पट्ट्या कशा वाचाव्यात, असं सगळं आहे. बारामतीत गोदामाच्या गेटवर लेफ्टनंट कर्नल आले, तर मामा त्यांना ओळखतील. पण पहाटे तीनला जागं कसं राहावं, हा तास त्या वेळापत्रकात नाही. एक किलोमीटर सहा मिनिटांत पळायची अट तर फारच गोड आहे. बारा तासांत मामा जे अंतर तोडतात, त्यातलं बरंचसं केबिन आणि मुतारी यांच्यामधलं असतं.

तासांचं म्हणाल तर 1948 च्या कारखाने कायद्याने कामगाराचा दिवस नऊ तासांचा धरला. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी तो बारा तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली, तेव्हा पेपरांतून बरीच चर्चा झाली, कामगार संघटना चिडल्या. मी गेटवर मामांना विचारलं, बारा तासांबद्दल तुमचं काय मत? ते म्हणाले, “आता कमी करून बारा करणार का?”

झोपलेल्या पहारेकऱ्याला नावं ठेवताना मराठी माणसाने जरा जपूनच बोलावं, असं माझं मत आहे. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली सगळ्यात प्रसिद्ध रात्र कुणाच्या झोपेवर उभी आहे? 5 एप्रिल 1663, रमजानचा महिना, पुण्यातला लाल महाल. दिवसभराच्या रोज्यानंतर पोटभर जेवून शाहिस्तेखानाचे पहारेकरी लवंडलेले. महाराज मोजकी माणसं घेऊन आत शिरले, खानाची बोटं गेली आणि त्याची बंगालला बदली झाली. मोगलांचा इतिहासकार खाफीखान तर सांगतो की मराठ्यांनी चौकीतल्या झोपाळूंना मारताना, पहारा म्हणजे हाच का, असं हिणवलंसुद्धा. त्या रात्री एजन्सीचा फील्ड ऑफिसर वेळेवर चेकिंगला आला असता, तर आपल्या शाळेच्या पुस्तकातला एक धडा कमी झाला असता. बारामती तालुक्यातलं सुपे आणि शेजारचं इंदापूर हे भोसल्यांच्या जहागिरीतले परगणे, तेव्हा दुसऱ्याच्या गार्डची झोप कशी ओळखायची आणि कशी वापरायची, हे ज्ञान या मातीत जुनंच म्हणायचं.

आपल्या गावगाड्यात मात्र पहारा कडक होता. 1915 साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गाव-गाडा’ लिहिला, त्यात या व्यवस्थेची सगळी वीण पाहायला मिळते. गावची राखण ज्याच्याकडे, त्याने चोरी झाली तर चोराचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की जबाबदारी त्या गावाची. नाही काढता आला, तर नुकसान भरून द्यायचं. म्हणजे पोलीस, इन्शुरन्स आणि सिक्युरिटी एजन्सी, तिन्ही एकाच माणसाच्या गळ्यात आणि मोबदला बलुत्याचा. त्या माणसाला झोप कशी लागेल? आजच्या करारात एजन्सी चौदाव्या कलमात बारीक अक्षरांत सांगते की चोरीच्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. जबाबदारी गेली तिथे झोप आली, यात मामांचा काय दोष.

गाव स्वतः पहाऱ्याला उतरतं तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. 2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन घिरट्या घालतात, अशी हवा पसरली. गावोगाव पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन गस्तीला निघाली. पहिले दोन दिवस चहा, वडापाव, उत्साह. आकाशातल्या प्रत्येक दिव्याकडे बोट. पुण्याला उतरणाऱ्या विमानांनासुद्धा शिव्या बसल्या. आठवड्याने गस्तीच्या यादीत नावं होती तेवढीच राहिली, पारावर माणसं निम्मी झाली आणि त्या निम्म्यांतली निम्मी पारावर आडवी झाली. काठी उशाला. एरवी मराठी माणूस जागा राहू शकत नाही असं नाही. खंडोबाचं जागरण, तमाशा, गणपतीची मिरवणूक, ग्रामपंचायतीच्या मतदानाची आदली रात्र, या सगळ्याला तो टक्क जागा असतो. त्याला एकट्याने, गप्प, काहीही घडणार नाही अशा जागी बसवून जागं राहायला सांगितलं की गणित चुकतं. काहीही न घडणं हेच ज्या कामाचं यश आहे, ते काम करताना कुणाचा डोळा लागणार नाही?

कोर्टकचेरीला मात्र हे असलं तत्त्वज्ञान चालत नाही. पुण्यात भारत फोर्जमधल्या एका मदतनीस कामगाराचा खटला कामगार कायद्याच्या वर्गात अजून शिकवतात. 26 ऑगस्ट 1983, सकाळचे अकरा चाळीस. पहिल्या पाळीला हा गृहस्थ कामाच्या जागीच लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. आधीही तीनदा त्याच्यावर कारवाई झालेली. जानेवारी 1984 मध्ये त्याला काढून टाकलं. मग खटला कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय, उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत गेला. शिक्षा जास्त झाली, परत घ्या, असंही मध्ये ठरलं. शेवटी जानेवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. एका डुलकीचा निकाल लागायला एकवीस वर्षं. लोखंडी पत्र्यावर, भर दिवसा, फोर्जिंगच्या घणांच्या आवाजात जो झोपू शकला, त्याच्या दमणुकीची चौकशी कुणी केली की नाही, हे मला कळायला हवं होतं.

आणि हे काही आपल्याच मुलखाचं वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पीच बॉटम नावाचं अणुवीज केंद्र आहे. 1987 च्या मार्चमध्ये तिथले ऑपरेटर कंट्रोल रूममध्ये झोपतात असं कळलं, म्हणून सरकारने केंद्रच बंद करायला लावलं. त्यानंतर वीस वर्षांनी, 2007 मध्ये, त्याच केंद्रातले बंदूकधारी सुरक्षारक्षक झोपलेले सापडले. सोबतच्या गार्डनेच चोरून चित्रण केलं आणि ते टीव्हीवर आलं. गार्ड ज्या खोलीत घोरत होते, तिचं नाव होतं ‘रेडी रूम’, म्हणजे हल्ला झाला तर क्षणात धावून जाण्यासाठी सज्ज बसायची खोली. सुरक्षा कंपनीचं कंत्राट गेलं, केंद्राच्या मालकाला 65 हजार डॉलर दंड झाला. युरेनियमशेजारी माणसं झोपतात, तर सिमेंटच्या गोण्यांशेजारी झोपलेल्या आमच्या मामांना आपण किती बोलायचं?

गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या आवारात झोपेचे नियमच वेगळे असतात. नोव्हेंबरपासून रात्रंदिवस मिल चालू. टर्बाइनची घरघर, बॉयलरची वाफ, मळीचा वास, यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग काट्यापासून थेट रस्त्यापर्यंत. तिथला वॉचमन स्वतः जागा राहण्यासाठी नसतोच, तो दुसऱ्यांना जागं करण्यासाठी असतो. रांग दहा फूट सरकली की तो ट्रॅक्टरच्या बॉनेटवर काठी आपटत जातो : “ए उठ, नंबर सरकला!” ड्रायव्हर डोळे न उघडता स्टार्टर मारतो, दहा फूट पुढे जातो आणि बंद करून पुन्हा झोपतो. बैलगाडीवाल्याची तर त्याहून मजा. तो मोळ्यांवर पालथा घोरतो आणि बैल वाट काढत कारखान्यापर्यंत येतात. रजिस्टरवर सही गाडीवानाची, ड्युटी बैलांची.

आणि कारखान्याच्या कॉलनीत राहिलेल्या कुणालाही विचारा. मिल चालू असताना कॉलनी ढाराढूर असते. रात्री ‘नो केन’ झालं, म्हणजे ऊस संपला आणि मिल थांबली, की एकदम शांतता पसरते आणि घराघरात दिवे लागतात. बायका नवऱ्यांना हलवतात, ‘अहो, उठा, बंद पडला की काय?’ आवाज थांबला म्हणून दचकून जागी होणारी वस्ती मी फक्त साखर कारखान्याची पाहिली. तिथले गेटवाले मामाही तेव्हाच उठतात.

गेल्या काही वर्षांत मात्र उसाच्या पट्ट्यात बिबट्या आला आणि एजन्सीच्या फील्ड ऑफिसरांना जे जन्मात जमलं नाही ते त्याने करून दाखवलं. ज्या पॉइंटच्या मागे उसाचा फड आहे, तिथले मामा रात्रभर टक्क जागे असतात. फक्त केबिनीत असतात, आतून कडी लावून. राऊंड बंद. टॉर्चचा उजेड खिडकीतून. गेटवर ट्रक आला तर ड्रायव्हरलाच उतरून गेट उघडायला सांगतात. जागेपणा शंभर टक्के, सुरक्षा स्वतःची.

मग लोक म्हणतात, माणूस नको, कॅमेरा बसवा. कॅमेरा झोपत नाही. बारामती लोकसभेचं मतदान झाल्यावर 13 मे 2024 ला, ईव्हीएम ठेवलेल्या पुण्यातल्या गोदामाचा सीसीटीव्हीचा पडदा पाऊण तास बंद असल्याची तक्रार झाली होती. उभ्या महाराष्ट्राच्या नजरा लागलेल्या निवडणुकीची यंत्रं आत आणि डोळा मिटलेला. विजेच्या कामासाठी केबल काढली होती, असा प्रशासनाने खुलासा केला. तो मला पटला. सोसायटीतल्या कॅमेऱ्यांचंही असंच असतं. गेल्या वर्षी आमच्याकडे कुणाची तरी सायकल गेली. कमिटी फुटेज बघायला बसली. चार कॅमेऱ्यांपैकी एकाच्या काचेवर कोळ्याचं जाळं, दुसरा शेजारच्या बंगल्याच्या नारळाकडे बघत होता, तिसऱ्याची हार्ड डिस्क भरलेली. चौथा मात्र व्यवस्थित चालू होता. त्यात रात्री एक ते पाच मामांची झोप फार स्पष्ट दिसत होती.

त्या फुटेजवरून वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय निघाला. झोपणाऱ्या वॉचमनला काढून टाका, यावर सगळ्यांचं एकमत. गेल्या वर्षीही झालं होतं, त्याआधीच्या वर्षीही. दर वेळी मामा बदलतात आणि नवे मामा त्याच खुर्चीत त्याच वेळी झोपतात. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी सुचवलं, बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या लावू, एक माणूस वाढवू, आणि एक धड खुर्ची घेऊ. खजिनदाराने मोबाइलवर हिशेब करून दाखवला. महिन्याला एका फ्लॅटमागे जो बोजा पडत होता, तेवढ्यात चौघांचं कुटुंब भिगवणला मासे खायलाही जाऊ शकलं नसतं. सभेत शांतता पसरली. मग कुणीतरी म्हणालं, मेंटेनन्स आधीच फार आहे. अनुमोदन मिळालं. विषय पुढच्या सभेवर ढकलला. त्यानंतरचा विषय गेटवरच्या कमानीला नवीन रंग आणि एलईडी दिवे बसवण्याचा होता. तो पाच मिनिटांत एकमताने मंजूर झाला.

मी तेव्हापासून रात्री उशिरा येताना हॉर्न वाजवत नाही. गाडी बाहेर लावतो, दिंडी दरवाजातून वाकून आत येतो. आठ तासांची पाळी द्यायची नसेल, तर बारा तासांच्या पाळीतली चार तासांची झोप आपण पगारातच धरलेली आहे, असं समजावं आणि चेअरमनसाहेबांनी झोपलेल्या मामांचे फोटो काढणं थांबवावं.